बेडकीची विश्रांती

५ एप्रिल, रविवार

आज मी एक मूर्खपणा केला. चारचौघांत केला, म्हणून लिहून ठेवणं भाग आहे. नाहीतर उद्या मीच कानावर हात ठेवीन.

मुलीकडे जेवायला निघालो होतो. मुलगी गुरांची डॉक्टर, गेल्या वर्षापासून घाटमाथ्यावरच्या गावात राहते. मी बायकोला म्हटलं, आज बेडकी काढू. बेडकी म्हणजे माझी हिरवी स्पोर्ट्स कार. वयाने जावयापेक्षा मोठी, उंचीला माझ्या छातीपर्यंत. इंजिन मागे. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. एक पंखा वारा घालतो आणि त्या वाऱ्यावर सगळं थंड राहतं. नाव मुलीने लहानपणी ठेवलं. गार असताना सुरू केली की ती आवाजही तसाच करते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर बेडकीने मान टाकली. खोकली, दोन हिसके दिले आणि थांबली. हिने पर्समधून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. ही बेडकीत बसताना पर्समध्ये नेहमी पुस्तक ठेवते.

मागून मुलीचे शेजारी आले. दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी पांढरी, विजेवरची, आवाज अजिबात नाही. त्यांना बेडकी हवी आहे. दर भेटीत विकत मागतात आणि दाढ बघावी तसे तिच्यावर वाकतात. आज ते पाण्याची बाटली घेऊन उतरले. "तापली असेल. पाणी घालू या का?" म्हणाले, आणि पुढचं झाकण उघडून इंजिन शोधायला लागले. तिथे स्टेपनी होती.

इथवर मी मनातल्या मनात हसत होतो. पण मग त्यांनीच आम्हाला दोरीने ओढत वर नेलं, आणि जेवताना जावयासमोर म्हणाले, "साहेब, गाडी देखणी आहे, पण तुमच्याकडे ती अशीच दुखण्याने पडून राहणार. मला द्या, मी तिला पळवतो." ज्या माणसाला इंजिन कुठल्या टोकाला आहे हे ठाऊक नाही, त्याने हे म्हणावं! माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तीन मे, रविवार. ही गाडी मी स्वतः चालवत, मध्ये कुठेही न थांबता, इथे आणेन. नाही आणली तर तुमची."

सगळ्यांचे चमचे थांबले. मग मुलीने कुणाला आणखी सूप हवं का असं विचारलं.

प्लग घासून पुसून बसवल्यावर बेडकी उताराने निमूट घरी आली. वाटेत ही एवढंच म्हणाली, "शब्द दिलात?"

"दिला."

"बरं."

हिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा कोणता ते कळलं नाही.

६ एप्रिल, सोमवार

सहाही प्लग काढून बाकावर मांडले. काळेकुट्ट. चुलीतून काढल्यासारखे. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभ; ती बघावी आणि आतलं दुखणं ओळखावं. निरोगी इंजिनाचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं. काजळी धरली म्हणजे आत पेट्रोल नीट जळत नाही.

आता दोष कुठे असेल? चालवण्यात नाही, हे नक्की. मी बेडकीला फुलासारखी जपतो. काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाही आणि इंजिनाचा आवाज चढायच्या आत वरचा गिअर टाकतो. मी नोकरीभर लिफ्ट तपासल्या. तिथे एक धडा घेतला: कुठलंही यंत्र त्याच्या कुवतीच्या निम्म्यावर वापरावं, म्हणजे ते टिकतं. लिफ्टवर 'सहा माणसे' असं लिहिलेलं असेल तर चौथा माणूस आत आला की मी बाहेर पडतो आणि जिना चढतो. मुलगी लहानपणी माझ्यामुळे बरेच जिने चढली.

तेव्हा दोष कार्ब्युरेटरचा. चार आठवडे आहेत. होईल.

९ एप्रिल, गुरुवार

टर्नरकडे गेलो. टर्नर माझा शाळेपासूनचा मित्र. घाटरस्ता सुरू होतो तिथे त्याचं लेथचं दुकान आहे. हात सोन्याचे, पण जिभेला हाड नाही. कार्ब्युरेटरच्या दांड्या झिजून खुळखुळत होत्या, त्यांच्यासाठी नवीन बुश, म्हणजे दांडी घट्ट धरणाऱ्या पितळी कड्या, करून देतो म्हणाला. वर फुकटचा सल्लाही दिला.

"एकदा घाटात सणसणीत पिळून काढ तिला. घसा मोकळा होईल."

"गाडी आहे ती, गवई नाही."

"गवईच आहे. तू तिला आयुष्यभर अंगाईच म्हणायला लावलीस."

मी त्याला हात जोडले आणि निघालो.

आज एक गंमत झाली. गॅरेजमध्ये असताना ही चहा घेऊन आली आणि सहज विचारलं, "अहो, हिचा रिव्हर्स कुठे असतो?" आमच्या सगळ्या संसारात हिने बेडकीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मला इतकं बरं वाटलं की मी बाकावर खडूने गिअरचा नकाशा काढून दाखवला. पहिला कसा टाकायचा, चोक किती ओढायचा, क्लच कुठे पकडतो, सगळं सांगितलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं. ही बालवाडी चालवायची आणि मुलांची व्हॅनही स्वतःच चालवायची, त्यामुळे गाडी म्हणजे काय याची थोडी कल्पना हिला आहे. पण व्हॅन वेगळी आणि हे जनावर वेगळं, असं मी हिला समजावलं. ही "हो का?" म्हणाली.

१२ एप्रिल, रविवार

बुश बसवले. व्हॉल्व्हच्या फटी जमवल्या. त्या गार इंजिनावरच मोजायच्या असतात, म्हणून सकाळी उठल्याउठल्या बसलो. मग रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून सहाही घशांचा श्वास सारखा केला. नळी कानात घालून वाकलेला असताना शेजारीण डोकावली आणि "बाळाचे ठोके लागले का?" म्हणून गेली.

दुपारी तलावाला एक फेरी मारली. तोल सांभाळून, चाळीसने. परत येऊन प्लग काढले. काळे.

मी बाकावर बसून राहिलो. काय चुकतंय ते कळत नाही. घासायचाही कंटाळा आला, तसेच परत बसवले.

१४ एप्रिल, मंगळवार

चमत्कार झालाय. आधी चहा पितो आणि मग लिहितो.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी पाठीसाठी पोहायला जातो. परत आलो, कपडे बदलले आणि उरलेलं दुःख भोगावं म्हणून प्लग काढले. बिस्किटी. सहाच्या सहा. मी एकेक खिडकीशी नेऊन पाहिला. म्हणजे माझी जुळणी बरोबर होती. फक्त तिला बसायला दोन दिवस लागले. सिमेंटलाही लागतात.

स्वयंपाकघरात जाऊन हिला गरकन फिरवली. हिच्या हातात अंड्यांचा ट्रे होता, तो वाचला. घाटातल्या पोल्ट्रीवरून ताजी अंडी आणली म्हणाली.

"एवढ्या लांब? चालत?"

"सकाळी हवा छान असते."

पोल्ट्री आठव्या वळणावर आहे. या वयात हिची ताकद बघून मला माझीच लाज वाटते. गालही कसे लाल झाले होते.

एक बारीकसा दोष: ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीटचा खटका सैल झाला असणार. बघायला हवं.

१७ एप्रिल, शुक्रवार

पेट्रोल कमी होतंय. काल रात्री काटा अर्ध्यावर होता, आज पोहून आलो तर बराच खाली. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, एक थेंब नाही. वास नाही. हवेत उडत असावं. इंजिनाचं झाकणसुद्धा कोमट लागलं. सकाळचं ऊन थेट गॅरेजच्या दारावर येतं. दाराला पडदा लावायचा विचार आहे.

दुपारी टर्नरचा फोन.

"अरे, काय आवाज होता सकाळी! त्या वळणावर असा गिअर उतरवला की मी लेथ बंद करून बाहेर आलो."

"कोणी?"

"कोणी म्हणजे?"

"मी सकाळी पोहायला होतो."

पलीकडे लेथ सुरू झाल्याचा आवाज आला. मग, "मग दुसरी कुठली तरी असेल," म्हणाला.

"माझ्यासारखीच? हिरवी?"

"हिरवी असं मी कुठे म्हणालो? मला चष्मा बदलायचाय." आणि फोन ठेवला.

म्हणजे गावात आणखी एक हवेवर थंड होणारी गाडी आहे आणि मला पत्ता नाही. टर्नरसारखा माणूस लेथ सोडून बाहेर येतो म्हणजे चालवणाऱ्याचा हात तयार असणार. त्याची गाठ घ्यायला हवी. अशा माणसाशी चार गोष्टी बोलता आल्या तर किती बरं होईल.

१९ एप्रिल, रविवार

तलावाला फेरी. चाळीस. प्लग काळे. मला रडू यायचं बाकी आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

बिस्किटी. काहीही न करता. मी हात लावला नव्हता, फक्त पोहून आलो होतो.

पेनाचं टोपण चावत बसलो आहे. यात काहीतरी नियम आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

नियम सापडला.

आज पुन्हा बिस्किटी. मी मागचं सगळं आठवून पाहिलं. मी चालवली की काजळी येते. तिला दोन दिवस कुणी हात लावला नाही की काजळी जाते. म्हणजे या जातीच्या इंजिनाला विश्रांती मानवते. धातू थंड होताना आकसतो, काजळीचे पापुद्रे सुटतात, आणि टोक आपोआप स्वच्छ होतं. हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. मी स्वतः शोधलं.

जेवताना हिला सगळं समजावून सांगितलं. हिला जोरात ठसका लागला. मी पाठीवर थोपटलं. डोळे पुसत म्हणाली, "विश्रांती?"

"हो. म्हणून ठरवलंय. परवा शेवटची एक हलकी फेरी, मग तीन तारखेपर्यंत पूर्ण विश्रांती. कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा प्लग उघडून बघणार नाही."

हिचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे मंगळवारी पण नाही?"

"मंगळवारचं काय?"

"काही नाही." मग जरा वेळाने, "अहो, एवढी विश्रांती बरी नाही हो. पाय आखडतात."

"गाडीला पाय नसतात," मी म्हणालो. ही भांडी घासायला उठली, आणि भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

२७ एप्रिल, सोमवार

काल तलावाची हलकी फेरी मारली, अगदी पस्तीसने. आज गॅरेजला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. ही दारात उभी राहून बघत होती.

"किल्ली गळ्यात कशाला?"

"एकदा ठरलं की ठरलं."

"उद्या पोहायला जाताना पाण्यात पडेल ती. घरी ठेवून जा."

"दोऱ्याला दोन गाठी मारल्यात."

हिला माझ्या वस्तूंची काळजी वाटते. पण सूपमध्ये आज मीठ नव्हतं, आणि ते विचारलं तर "असू दे, त्यालाही विश्रांती" असं उत्तर मिळालं. अंडीही संपली आहेत. आणायला जाणार नाही म्हणाली, पाय दुखतात.

२ मे, शनिवार

झोप येणार नाही असं दिसतंय, म्हणून संध्याकाळीच लिहून टाकतो.

पाचावर धारण बसली आहे. बेडकी गेली तर? मी दिवसभर काय करणार? लोकांना वाटतं मला गाडीचा शौक आहे. तसं नाही. मला त्या गॅरेजचा शौक आहे. तो तेलाचा वास, बाकावर ओळीने लावलेले पाने, एखादा नट बरोबर घट्ट झाल्यावर हाताला कळतं ते. तिथे मी सुखी असतो. एकच खंत आहे. या सुखात माझ्याबरोबर कुणी नाही. मुलीला गुरं आवडतात. जावई सभ्य आहे, मान डोलावतो. ही पर्समध्ये पुस्तक ठेवते. पण त्यांची तरी काय चूक? सगळ्यांना सगळं आवडावं असं थोडंच असतं.

मघाशी ही गॅरेजच्या बंद दाराशी उभी दिसली. दारावर हात ठेवून. मी दिसताच म्हणाली, "रंग उडालाय दाराचा."

३ मे, रविवार

सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी कुलूप काढलं. बेडकी डराव डराव करत सुरू झाली. विश्रांतीचा गुण, मी हिला म्हटलं. हिने आज पर्समध्ये पुस्तक घेतलं नव्हतं आणि पायात कॅनव्हासचे बूट होते.

घाटाच्या पायथ्याशी डॉक्टर साक्षीला हजर होते. आमच्या मागून येणार असं ठरलं होतं. टर्नर दुकानाबाहेर उभा होता. त्याने हात केला, पण माझ्या बाजूला नाही, हिच्या बाजूला.

चौथा गिअर, चाळीस. पहिलं वळण छान. दुसऱ्या वळणाला चढ वाढला.

"तिसरा टाकता का?" ही म्हणाली.

"आवाज चढेल."

"चढू दे की."

तिसऱ्या वळणावर बेडकी खोकली.

"अहो, दुसरा टाका आणि पाय दाबा."

"ताण येईल इंजिनावर."

"ताण आत्ता येतोय. तुम्ही तिला चौथ्यात चढाला लावलंय."

आणखी एक हिसका. मग आणखी एक. मी पाय उचलला, आणि बेडकी थांबली. अगदी त्याच जागी. मागे पांढरी गाडी आवाज न करता थांबली. डॉक्टर उतरले. या वेळी हातात बाटली नव्हती, दोरी होती.

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. संपलं, एवढंच मनात होतं.

"उतरा," ही म्हणाली.

"काय?"

"उतरा आणि इकडे येऊन बसा. पट्टा लावा. हात मांडीवर ठेवा."

हा बालवाडीतला आवाज होता. या आवाजापुढे गावातले अर्धे लोक लहानपणी रडायचे थांबले आहेत. मी उतरलो. ही ड्रायव्हरच्या जागी बसली, न बघता खटका उचलून सीट पुढे घेतली आणि किल्ली फिरवली. बेडकी नुसतीच घरघरली. हिने पाय पूर्ण दाबून धरला. खोकला आला, आणखी एक आला, आणि इंजिन सुरू झालं. पहिला गिअर, मग दुसरा. मागून एक काळा लोट निघाला, तो डॉक्टरांच्या पांढऱ्या बॉनेटवर बसला. तेव्हा तिकडे बघायला मला सवड नव्हती.

कारण तो आवाज सुरू झाला होता.

कसा लिहू? आधी नुसती घरघर होती. मग काटा चढत गेला आणि घरघरीचे तुकडे एकमेकांत मिसळले, आणि कुणीतरी नवंकोरं कापड एका दमात फाडत न्यावं तसा एक लांबलचक, स्वच्छ आवाज यायला लागला. मी या इंजिनातला स्क्रू अन् स्क्रू ओळखतो. व्हॉल्व्हच्या फटी जमवताना माझ्या बोटांना डोळे फुटतात. आणि हा आवाज मला ठाऊक नव्हता. मी तिला कधी त्या आवाजापर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

ही वळणं घेत होती. वळणाआधी गिअर खाली, जरासा पाय, मग बाहेर पडताना दाब. एकदाही धक्का बसला नाही. माझ्या मांडीवर पाण्याचा पेला असता तर सांडला नसता. काटा कितीवर आहे ते बघायचं मी विसरलो. मी हसत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काचा तर बंद होत्या, म्हणजे ते वाऱ्याचं नव्हतं.

माथ्यावर मुलीच्या अंगणात ही थांबली. इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं आणि मग बंद केलं. तेही बरोबर, पंख्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. मी विचारणार होतो की हे हिला कुणी सांगितलं, पण मुलगी धावत आली.

डॉक्टर बऱ्याच वेळाने पोचले. बॉनेटवर काळे ठिपके होते. पण माणूस रुबाबात होता. म्हणाले, "साहेब, शब्द काय होता? तुम्ही स्वतः चालवत, न थांबता."

जावई म्हणाला, "पण गाडी तर वर आली ना?"

मी म्हणालो, "नाही. डॉक्टर बरोबर बोलतायत." नियम तो नियम. एक बोल्ट सैल सापडला म्हणून मी अख्ख्या इमारतीला आठवडाभर जिने चढायला लावलेले आहेत. आता स्वतःची वेळ आली म्हणून पळवाट काढणं मला शोभलं नसतं. मी थांबलो होतो, आणि चालवत आणली ती मी नाही. "गाडी तुमची."

मुलीचा चेहरा उतरला. ही मात्र शांत होती. म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. पण डॉक्टर, घरी न्यायच्या आधी एक फेरी तर मारा. आपण काय घेतोय ते कळायला नको? या, बसा. मी चालवते. खाली जाऊन वर येऊ."

डॉक्टर आनंदाने बसले.

आम्ही गच्चीवर गेलो. तिथून सगळा घाट ऐकू येतो. आवाज खाली गेला, आणि तो मघाचा आवाज नव्हता. प्रत्येक वळणावर टायर किंचाळत होते. मधेच इंजिन असं ओरडायचं की झाडांवरचे पक्षी उठायचे. जावयाने विचारलं, "हे आईच चालवतायत ना?" मुलगी म्हणाली, "आईच." आणि कठड्यावर डोकं ठेवून तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

मला जरा नवल वाटलं. माझ्याबरोबर किती अलगद आणली होती. पण जेवण थंड होत होतं, त्यामुळे हिला घाई असणार.

परत आल्यावर ही केस सारखे करत उतरली. डॉक्टर उतरले नाहीत. थोड्या वेळाने दार उघडलं, मग एक पाय बाहेर आला, आणि मग दाराला धरून ते सावकाश उभे राहिले. पाणी मागितलं. चेहरा त्यांच्या गाडीच्या रंगाचा.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण माझी पाठ. पाठीचा त्रास आहे मला. तुमच्याकडेच असू दे."

"पण डॉक्टर, मी शब्द दिलाय."

"मी तुम्हाला त्यातून मोकळं करतो."

"असं कसं? नियमाने..."

"नको म्हणतोय ना साहेब!" ते जवळजवळ ओरडलेच. "जावई साक्षीला आहेत. मोकळे तुम्ही."

मी आणखी बोलणार होतो, पण मुलीने माझ्या पायावर पाय दिला. टाच चांगली टोकदार होती. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. बिचाऱ्या डॉक्टरांनी पाठीचं आधीच सांगितलं असतं तर एवढं सगळं टळलं असतं.

४ मे, सोमवार

काल घरी येताना हीच चालवत होती. मी न राहवून विचारलं, "एवढं कधी शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? व्हॅन घेऊन याच घाटातून रोज मुलं आणायची मी. हिला फक्त वजन मागे आहे, तेवढं समजून घ्यावं लागलं. दोन मंगळवार गेले."

मंगळवार. मग मला एकेक उलगडत गेलं. सीट, पेट्रोल, कोमट झाकण. टर्नर. ज्याची गाठ घ्यायची म्हणत होतो तो तयार हाताचा माणूस.

"म्हणजे तू दामटलीस म्हणून प्लग स्वच्छ व्हायचे?"

"ते मला काय माहीत? मी तुमची जीभबीभ बघत नाही. मला एवढं कळायचं की निघताना ती कुरकुरते आणि पोल्ट्रीपर्यंत गेली की गाते."

(कार्ब्युरेटरची जुळणीही महत्त्वाची होती, हे इथे नोंदवून ठेवतो.)

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणत राहिला असता."

हे खरं आहे.

"माझ्यासाठी एवढं केलंस," मी म्हणालो.

हिने समोरच बघत उत्तर दिलं. "पहिल्या दिवशी तुमच्यासाठी नेली. शब्द देऊन बसलात आणि तोंडघशी पडणार हे दिसत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी. मघाशी डॉक्टरांना मी काय तुमच्यासाठी घाबरवलं? ती गाडी मला हवी आहे."

घाबरवलं! ते पाठीचं नव्हतं तर.

मला आयुष्यात कुणी इतकी गोड गोष्ट सांगितलेली नाही. माझ्यासाठी केलं म्हणाली असती तर आभार मानून मोकळा झालो असतो. पण हिला ती हवी आहे, मला हवी आहे तशीच. रात्री आनंदाने झोप लागली नाही.

आज सकाळी मी तेल बदलायला घेतलं. ही आली आणि स्टूल ओढून बसली. चहा देऊन गेली नाही, बसली. हे काय, ते कशाला, विचारत राहिली. पंख्याचा पट्टा दाखवला, तो तुटला तर लगेच थांबायचं हे सांगितलं. व्हॉल्व्हच्या फटीत पातळ पट्टी सरकवून हिच्या हाताने ओढवून घेतली. किंचित अडकली पाहिजे आणि तरी निघाली पाहिजे, ते हिला पहिल्याच खेपेला जमलं. हाताला तेल लागलं ते हिने माझ्याच शर्टाला पुसलं.

मग म्हणाली, "एक सांगा. दुसऱ्या गिअरमध्ये काटा अगदी वर गेला की मागून बारीकशी शीळ येते. एखाददुसराच क्षण असते आणि मग जाते. ती कशाची?"

मी तोंड उघडलं. या गाडीबद्दल विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथपर्यंत कधी गेलोच नाही."

"चला मग. ऐकवते."

तेल भरून झालं होतं. टाकीत पेट्रोल होतं. सकाळची भांडी तशीच पडली होती आणि गॅसवर काहीतरी ठेवलं होतं, ते हिने जाऊन बंद केलं. मी हातातला पाना खाली ठेवायचा विसरलो आणि तो तसाच घेऊन हिच्या शेजारी जाऊन बसलो.